नैराश्यावरचे उपचार: गोळ्यांचा पहिला पत्ता संपतो तेव्हा

धंतोलीतल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून मला चोवीस वर्षे झाली. भंडारा, यवतमाळ, चंद्रपूर, अगदी छिंदवाडा आणि बैतूलपासून माणसे या भागातल्या डॉक्टरांकडे येतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची चिठ्ठी बहुधा महिन्याभराची असते. ती पुढे सरकवून माणूस मात्र हलक्या आवाजात म्हणतो, "भाऊ, सध्या दहाच द्या. पाहू फरक पडते का." गोळ्यांच्या स्ट्रिपला आमच्या नागपुरात पत्ता म्हणतात. दहा गोळ्यांचा एक पत्ता घेऊन माणूस जातो, आणि यांतले बरेच जण दुसऱ्या पत्त्यासाठी पुन्हा दिसत नाहीत.

या औषधांचा किरकोळ त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो, तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पुरता गुण येण्यास सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे दहा गोळ्या घेणाऱ्याला औषधाचा त्रास तेवढा अनुभवता येतो, गुण येण्याआधीच त्याच्या गोळ्या संपलेल्या असतात. मग तो घरी जाऊन प्रामाणिकपणे सांगतो, की घेऊन पाहिले, काही उपयोग झाला नाही. दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, "मन मोकळे करा, बोला" असे आवाहन सगळीकडे छापून येते. ते योग्यच आहे, पण बोलून झाल्यावर पुढे काय, कोणता उपचार कोणासाठी, तो किती काळ चालतो आणि लागू पडला की नाही हे कधी ठरवायचे, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. ते येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहे. मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे या लेखात सापडणार नाही.

उदास वाटणे आणि नैराश्य असणे

काटोल, नरखेडकडचे संत्रा बागायतदार बहार धरण्यासाठी बाग ताणावर सोडतात, म्हणजे काही आठवडे तिचे पाणी बंद करतात. पाने थोडी कोमेजतात, मग ताण तोडून पाणी दिले की झाड फुलावर येते. ताण वाजवीपेक्षा लांबला, तर मात्र फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. या वाळलेल्या फांद्यांना बागायतदार सल म्हणतात. मनात राहिलेल्या दुःखालाही मराठीत सलच म्हणतात, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो.

परीक्षेतले अपयश, घरातला मृत्यू, बुडालेले पीक यांनी येणारे दुःख हा पहिला प्रकार. ते तीव्र असू शकते, पण पाणी मिळाले की, म्हणजे काळ, सोबत आणि थोडे यश मिळाले की, माणूस सावरतो. नैराश्य हा दुसरा प्रकार. त्याची वैद्यकीय खूण अशी, की किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असते किंवा ज्या गोष्टींत पूर्वी रस वाटायचा त्यांत काहीच वाटेनासे होते. आणि त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हालचाल मंदावणे किंवा उलट अस्वस्थता, आणि मरणाचे विचार यांतली बरीच लक्षणे असतात. यांमुळे कामावर, घरावर, नात्यांवर परिणाम होऊ लागला, की तो आजार झाला.

आपल्याकडे "मी खिन्न आहे" असे म्हणत कोणी दुकानात येत नाही. "जीव घाबरते", "डोकं जड राहते", "भूकच मेली", "अंगात ताकद नाही" असे सांगून लोक आधी ॲसिडिटीची गोळी नेतात, मग बी-कॉम्प्लेक्स, मग टॉनिक. डॉक्टरपर्यंत पोहोचण्याआधीचे कितीतरी महिने असे निघून जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना कोणताही उपचार मिळत नाही.

डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात?

"गोळी लिहून द्यायला पाऊण तास कशाला लागतो?" ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. त्या पाऊण तासात डॉक्टर आधी नैराश्याची नक्कल करणारे आजार बाजूला काढत असतात. थायरॉइडचे काम मंदावले, रक्त कमी झाले किंवा बी-१२ घटले, तरी माणूस थकलेला, मंद आणि उदास होतो. स्टेरॉइडसारखी काही औषधे मनावर परिणाम करतात. दारू तर करतेच. "उदास वाटते म्हणून पितो" असे सांगणाऱ्या माणसाच्या उदासीचा बराचसा भाग पिण्यातूनच येत असू शकतो.

दुसरा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच वाटतो: "आयुष्यात कधी असा काळ होता का, जेव्हा झोपेची गरजच वाटत नव्हती, खूप उत्साह होता, पैसा उधळला गेला, बोलणे थांबत नव्हते?" उत्तर होय असेल, तर तो द्विध्रुवीय आजार, म्हणजे बायपोलर, असू शकतो. त्यात मन कधी खोल दरीत तर कधी अतिउत्साहाच्या टोकावर जाते. अशा रुग्णाला नैराश्याची साधी गोळी एकटीच दिली, तर तो दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही आणू नये, याची अनेक कारणे आहेत. त्यांतले सर्वांत गंभीर हे.

नंतर तीव्रता मोजली जाते. त्यासाठी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरतात, जिचे गुण ० ते २७ असतात. उपचाराची दिशा बऱ्याच अंशी या तीव्रतेवरून ठरते. सौम्य नैराश्यात बोलण्याचे उपचार आणि दिनक्रमातले बदल पहिल्यांदा करतात आणि गोळी लगेच लागतेच असे नाही. मध्यम आजारात बोलण्याचा उपचार किंवा गोळी यांपैकी एक किंवा दोन्ही, आणि तीव्र आजारात सहसा दोन्ही एकत्र, असा साधारण क्रम आहे.

बोलण्याचा उपचार म्हणजे गप्पा आणि सल्ला का?

"बोलायलाच पैसे द्यायचे, तर घरची माणसे काय कमी आहेत?" हा आक्षेप रास्त वाटतो, कारण समुपदेशन म्हणजे उपदेश असा आपला समज आहे. प्रत्यक्षात हे ठरावीक पद्धतीने, ठरावीक बैठकांत केलेले काम असते आणि त्यात रुग्णाला घरी करायचा अभ्यासही असतो.

यांतली सर्वांत सोपी पद्धत कृतीपासून सुरू होते. नैराश्यात माणूस "बरे वाटले की बाहेर पडेन" म्हणत घरात बसतो. बाहेर न पडल्याने आनंदाचे आणि यशाचे छोटे प्रसंगही घडत नाहीत आणि मन आणखी खचते. जुन्या हापशीचे पाणी खाली उतरले, की वरून एक तांब्या ओतून दांडा हलवावा लागतो. पाणी येईल तेव्हा दांडा हलवू असे म्हणून चालत नाही. या उपचारात इच्छा होण्याची वाट न पाहता छोट्या कृती आधी ठरवून करतात.

एका शिक्षिकेने गोळ्या घेताना मला तिची वही दाखवली होती. दोनशे पानी, शाळेत वापरतात तशी वही, तिच्यावर पट्टीने आखलेले रकाने: वेळ, काय केले, किती जमले, मन कसे, दहापैकी गुण. मंगळवारी सकाळी सात वाजता "तुळशीला पाणी", मनाला गुण दोन. बुधवारी "कपाटाचा एकच कप्पा आवरला", गुण तीन. शुक्रवारी "बहिणीला फोन, चार मिनिटे", गुण पाच, आणि त्याखाली लाल शाईने स्वतःच बरोबरची खूण केलेली. फोन करण्याआधी तिला खात्री होती, की बोलून काही होणार नाही. आपला अंदाज आणि प्रत्यक्षातला अनुभव यांत किती अंतर आहे, हे तिला तिच्याच हस्ताक्षरात दिसत होते.

अशाच पद्धतीचा मोठा अभ्यास गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के रुग्ण आजाराच्या रेषेखाली आले होते. केवळ आरोग्य केंद्राची नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या विदर्भातही, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि दीड वर्षात उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात कोणी ऐकून घेणारे आणि पुढची वाट दाखवणारे असेल, तर लोक येतात, असे मला या आकड्यांवरून वाटते.

दुसरी प्रसिद्ध पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारा मानसोपचार. साहेबांनी नमस्काराला उत्तर दिले नाही, की नैराश्यातले मन लगेच ठरवते, "मी त्यांना नकोसा झालो आहे." या उपचारात अशा विचाराला साक्षीदाराप्रमाणे पिंजऱ्यात उभे करून पुरावा मागायला शिकवतात. बैठका साधारण आठवड्यातून एकदा, बारा ते वीस असतात. सौम्य आणि मध्यम आजारात हा उपचार गोळ्यांच्या तोडीचा ठरतो, आणि तो शिकलेल्यांना आजार पुन्हा होण्याचा धोका कमी असल्याचे दिसते. मात्र याचेही घड्याळ संथच आहे. दोन बैठकांनंतर "काही फरक नाही" म्हणून सोडणारे आणि माझे दहा गोळ्यांवाले, दोघांची चूक एकच.

गोळ्या करतात तरी काय?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षयरोगावर एक नवे औषध वापरताना डॉक्टरांच्या लक्षात आले, की अंथरुणाला खिळलेले रुग्ण एकाएकी हसू-बोलू लागले आहेत. नैराश्यावर औषधाने उपचार होऊ शकतो ही कल्पना बऱ्याच अंशी त्या अपघातातून रुजली. १९५७ मध्ये इमिप्रामिन या औषधाचा उपयोग समोर आला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली. ज्या कुटुंबातले हे औषध आहे त्याला एसएसआरआय म्हणतात. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही त्यातलीच नावे आहेत आणि आज पहिल्या चिठ्ठीवर बहुतेकदा यांपैकी एक असते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. सेरोटोनिन हा त्यांतला एक निरोप्या. पाठवणारी पेशी त्याला लगेच परत ओढून घेते, आणि ही औषधे ती ओढ रोखतात.

येथे एक शंका हमखास येते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्य हे सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे होते याला भक्कम पुरावा नसल्याचे म्हटले गेले, आणि "मग गोळ्या म्हणजे थोतांड का?" असा प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरू लागला. मेंदूत रसायन कमी पडले आणि गोळीने ते भरून काढले, हे वर्णन खरोखरच जास्त सोपे केलेले होते. ते मागे पडले हे बरेच झाले. पण पॅरासिटामॉलने ताप उतरतो, यावरून अंगात पॅरासिटामॉल कमी पडल्याने ताप येतो असे आपण म्हणत नाही. औषध काम करते का, हा प्रश्न त्याच्या कारणमीमांसेपासून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर चाचण्यांतून मिळते. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला. त्यात तपासलेली २१ औषधे प्रौढांच्या नैराश्यात, आत औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. फरक चमत्कारासारखा मात्र नव्हता, सरासरीने माफकच होता. कोणाला खूप गुण येतो, कोणाला थोडा, कोणाला अजिबात नाही, आणि कोणाला काय लागू पडेल हे आधी खात्रीने सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही.

सुरुवातीच्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोप उडणे किंवा जास्त येणे हे त्रास होतात. ते बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात, आणि जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ कमी होते. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होणे हा त्रास मात्र टिकू शकतो. काउंटरवर चार माणसांत तो कोणी सांगत नाही, गोळ्या मात्र मुकाट्याने बंद करतो. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. पंचवीस वर्षांच्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दिलेला आहे. त्यामुळे तरुण रुग्णावर त्या काळात घरच्यांचे जास्त लक्ष असावे आणि पुढची भेट लवकर ठेवावी. माझ्या धंद्यातली आणखी एक सूचना: ही गोळी सुरू असताना गुडघेदुखीसाठी परस्पर वेदनाशामक घेऊ नये. काही वेदनाशामकांबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉलबरोबर तर धोकादायक प्रतिक्रिया येऊ शकते.

"एकदा सुरू केली की सवय लागते"

हा गैरसमज दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत झाल्याने पसरला आहे. पहिल्या चिठ्ठीवर नैराश्याच्या गोळीसोबत अनेकदा अल्प्राझोलामसारखी आणखी एक गोळी थोड्या दिवसांसाठी लिहिलेली असते. ती घबराट आणि निद्रानाश तात्पुरता शमवते आणि तासाभरातच परिणाम दाखवते. मुख्य औषधाला गुण यायला वेळ असतो, तोवरचा हा टेकू. सवय लागते ती या टेकूची. म्हणूनच ती अनुसूची एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहे आणि तिच्या विक्रीची वेगळी नोंदवही आम्हाला ठेवावी लागते. लोकांना मात्र जी गोळी लगेच शांत करते तीच खरी वाटते. "ती छोटी गोळी तेवढी द्या, दुसरी नको, तिने काही होत नाही," असे म्हणणारे ग्राहक मी आठवड्यातून दोनदा तरी परत पाठवतो. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही याचा त्यांना राग येतो, आणि रागाची काही भाषा येथे लिहिण्यासारखी नाही.

नैराश्यावरच्या मुख्य गोळीची तलफ येत नाही, मात्रा आपोआप वाढवावीशी वाटत नाही. पण ती अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात, आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काहींना ते बरेच दिवस छळतात. पूर्वी डॉक्टर आणि आम्ही दुकानदारही हा त्रास कमी लेखत असू, हे कबूल केले पाहिजे. मात्रा आठवड्यांत, कधी महिन्यांत, पायरीपायरीने कमी केली तर तो बराच टळतो.

पहिली गोळी लागू पडली नाही तर?

पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही पहिल्या औषधाने पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश असते. हा आकडा निराश करणारा वाटतो, पण तो आधीच माहीत असेल, तर पहिल्या अपयशानंतर "मीच असाध्य आहे" अशी समजूत होत नाही. डॉक्टर मात्रा वाढवतात, दुसऱ्या कुटुंबातले औषध देतात, मानसोपचाराची जोड देतात किंवा आहे त्या औषधाला दुसरे पूरक औषध जोडतात.

पूरक औषधांत लिथियम हे जुने आणि गुणकारी नाव आहे, पण नागपूरकरांनी त्याबाबत विशेष सावध राहावे. त्याची रक्तातली योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना घामाने शरीरातले पाणी कमी झाले, की तीच रोजची मात्रा रक्तात जास्त होऊ शकते. जुलाब-उलट्यांतही तेच होते. हात जास्त थरथरणे, तोल जाणे, उलट्या, बोलणे अडखळणे असे काही दिसले तर थेट डॉक्टर गाठावा. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकदम सोडू नये आणि रक्ततपासणीची तारीख चुकवू नये.

याच्या पुढचे उपचार मोठ्या शहरांत मिळू लागले आहेत. डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देऊन मेंदूचा ठरावीक भाग उद्दीपित करण्याच्या पद्धतीला आरटीएमएस म्हणतात. तिला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. भूल लागत नाही, पण चार-सहा आठवडे जवळजवळ रोज जावे लागते. भुलीसाठी वापरले जाणारे केटामीन कमी मात्रेत काही तासांत किंवा दिवसांत परिणाम दाखवते. त्याच्या जवळच्या एका रूपाचा नाकातला फवारा अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाला. तो परिणाम टिकवणे अवघड असते आणि औषध देखरेखीखालीच द्यावे लागते. बाकीचे उपचार थकल्यावरच्या या वाटा आहेत.

आणि शॉक?

हा शब्द उच्चारला, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे हातपाय बांधलेला, ओरडणारा रुग्ण येतो. या उपचाराला ईसीटी म्हणतात. तो १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला आणि सुरुवातीच्या काळात भूल न देता होत असे, म्हणून ती भीती निराधार नाही. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मनाई आहे. रुग्ण झोपेत असतो, विजेच्या प्रवाहाने मेंदूत फेफऱ्यासारखा नियंत्रित झटका निर्माण केला जातो आणि तो मिनिटभरात किंवा त्याच्या आसपास थांबतो. साधारण सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा हा उपचार होतो.

ज्याने खाणेपिणे सोडले आहे, ज्याला भास होत आहेत, जो जीव देण्याच्या बेतात आहे, अशा रुग्णाला सहा आठवडे गोळीची वाट पाहणे परवडत नाही. तेथे हा आज उपलब्ध असलेल्या सर्वांत प्रभावी उपचारांपैकी एक आहे. किंमत स्मृतीत मोजावी लागते: उपचाराच्या आसपासच्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात. त्या बहुतेकांत हळूहळू परततात, काहींच्या बाबतीत थोड्या कायमच्या जातात. हे आधी स्पष्ट सांगून संमती घेतली पाहिजे आणि ते विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

चालणे, ध्यान, देवदर्शन यांनी होणार नाही का?

नियमित व्यायामाचा सौम्य आणि मध्यम नैराश्यात खरोखर उपयोग होतो. अंबाझरीच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सवर आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास झपझप चालणे हा सल्ला डॉक्टरही देतात. ध्यान, प्रार्थना, भजनी मंडळ यांतून मिळणारी सोबत मोलाची असते. पण तीव्र आजारात माणसाला अंथरुणातून उठणे जमत नाही, आणि त्याला "रोज फिरायला जा" असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावायला सांगण्यासारखे आहे. घरच्यांनी देवाला नवस बोलावा, त्याने औषधात बाधा येत नाही. कोणी बाबा गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नये. "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांची माहितीही डॉक्टरांना द्यावी, कारण काही वनस्पती या औषधांशी भिडतात.

नागपुरात जायचे कोठे?

पदव्यांचा घोळ आधी सोडवू. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि येथे सांगितलेल्या तिघांपैकी औषध तेच लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. 'समुपदेशक' ही पाटी मात्र जवळजवळ कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्यावी. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नये.

खासगी फी परवडत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधले एम्स येथे मनोविकारशास्त्राचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नागपुरात "मेडिकलमध्ये जा" म्हटले, तर औषधाच्या दुकानात की शासकीय रुग्णालयात, हे संदर्भानेच कळते.) मानकापूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी जाता येते. आत पाऊल टाकले की ठेवूनच घेतात, ही भीती जुन्या काळातली आहे. फोनवर बोलायचे असेल, तर केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य मिळते. वर उल्लेखलेल्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे गोळ्यांचा आणि बैठकांचा भार खिशावरच पडतो. डॉक्टरांना जेनेरिक लिहून मागितल्यास तो बराच हलका होतो.

घरच्यांना एक गोष्ट फार अवघड जाते: मरणाबद्दल थेट विचारणे. विचारले तर डोक्यात नसलेला विचार येईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. "जगू नये असे वाटते का? काही ठरवले आहे का?" असे शांतपणे विचारल्याने बहुधा रुग्णाला सुटका वाटते. उत्तर होय असेल तर त्याला एकटे ठेवू नये, घरातला औषधांचा साठा, शेतीची फवारणीची औषधे आणि तत्सम वस्तू दुसऱ्याच्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बरे वाटू लागले, आता बंद करू?

पहिला पत्ता संपताना जशी गळती होते, तशीच दुसरी गळती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, आणि या वेळी कारण उलटे असते: माणसाला बरे वाटत असते. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही पहिल्या वेळच्या आजारात साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. त्याआधी थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. बागेत फूल दिसले म्हणून कोणी पाणी तोडत नाही. आंबिया बहाराचे संत्रे तोडणीला यायलाही आठ-नऊ महिने लागतात. आजार पुन्हापुन्हा झाला असेल, तर दोन वर्षे किंवा अधिक काळ औषध घ्यावे लागते.

थांबवण्याची वेळ डॉक्टरांसोबत ठरवावी. नोकरी बदलणे, परीक्षा, घरातले लग्न अशा धामधुमीत ती नसावी. मग आधी मात्रा अर्ध्यावर, काही आठवड्यांनी त्याच्या अर्ध्यावर, असे उतरत जायचे आणि मध्ये लक्षणे परत डोकावली, तर एक पायरी वर येऊन थांबायचे. काही गोळ्या मधोमध मोडता येतात, ज्यांचे औषध पोटात सावकाश सुटते त्या मोडायच्या नसतात. हे आमच्याकडे विचारले तर आम्ही सांगतो.

गेल्या पावसाळ्यापासून दर महिन्याला तीस गोळ्या नेणारे एक गृहस्थ परवा आले. नवी चिठ्ठी होती, आधीच्या निम्म्या मात्रेची, पंधरा दिवसांची. मी दोन पत्ते काढून एक मधोमध कापला. पिशवीत टाकताना त्यांनी विचारले, "भाऊ, ही मोडायची तर नाही ना?" मी म्हटले, नाही, आहे तशीच, जेवणानंतर.